लंगडीचा कारभारी

वळ गावाच्या पुढे गोदामांच्या रांगा संपतात, तिथून खाडीकडे मातीचा एक बांध जातो. बांधाच्या एका अंगाला खाऱ्या पाण्याचं खाजण, दुसऱ्या अंगाला तिवरांचं रान. भरतीला तिवरं गुडघाभर पाण्यात मुकाट उभी असतात, ओहोटीला त्यांच्या पायांशी चिखल चमकत राहतो. या बांधावरून रोज सकाळी एक माणूस चालत येताना दिसेल. हातात काठी, खांद्याला कापडी पिशवी, डोक्याला गोदामाच्या रखवालदाराची जुनी टोपी. मध्येच तो थांबतो, वाकतो, जमिनीवर पडलेलं काहीतरी निरखतो आणि लाकडाच्या चपट्या काडीने ते कागदाच्या पाकिटात भरतो. तो अनंता. आणि पाकिटात तो जे भरतो, ती कोल्ह्याची विष्ठा.

गावात यावर हसून झालं. कोणी विचारलं, "अनंता, आज ताजा माल गावला कं?" तर अनंता टोपी सरळ करून सांगायचा, "गावला. तुझ्या दारात आणून ठेवू?" त्याला लाज नव्हती. उलट अभिमान होता. कोल्हा सगळ्यांनी ऐकलेला असतो, पाहिलेला फार थोड्यांनी. अनंताने चार वर्षं पाहिला होता, रोज, एकाच जागेवरून.

अनंता जन्मला तो खाडीपलीकडच्या गावात. सतराव्या वर्षी निजामपुऱ्यात कापड विणायच्या लूमवर लागला. ताण्याचा धागा तुटला की आवाजावरून ओळखायचा आणि मशीन थांबायच्या आत गाठ मारायचा. पंधरा वर्षं तो त्या खडखडाटात राहिला. मग एके दिवशी निरोप आला, की त्याच्या धाकट्या बहिणीचा, हौसाचा नवरा खाडीत गेला. तो रेती काढायला डुबी मारायचा; त्या दिवशी बुडी घेतली ती घेतलीच. मांडीवर दोन वर्षांची पोर, मनाली. अनंता दहा दिवसांसाठी आला. दहाव्याच्या भाताच्या पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा तो पुढे झाला आणि मोठ्याने बोलला, "पोरीचं मी बघतंय." कावळा उतरला. अनंता पुन्हा लूमवर गेला नाही. त्याचं लग्न ठरत आलं होतं, तेही राहिलं. बहिणीच्या घरात राहून त्याने आधी शेती केली, शेतावर गोदामं उभी राहिल्यावर एका गोदामाच्या फाटकावर बसला. मनालीला शाळेत सोडलं, तापात उशाशी बसला, बारावीनंतर तिला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. ती त्याला मामा म्हणायची. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पालकाची सही मात्र त्याचीच असायची.

कोल्ह्यांची ओळख फाटकावरच झाली. गोदामामागच्या बांधात त्यांचं बीळ होतं. मादीचा मागचा डावा पाय तारेत सापडून आखडलेला, म्हणून ती लंगडी. तिच्यासोबतचा नर मानेवर काळपट झाक असलेला, रुबाबात चालणारा. लंगडीला लांब जाता येत नसे. तोच खेकडे आणायचा, उंदीर आणायचा, पोटात भरून आणलेलं पिल्लांपुढे ओकायचा. पिल्लं खात असताना हा बांधावर त्यांच्याकडे पाठ करून उभा, नजर रस्त्यावर. अनंताने त्याचं नाव ठेवलं कारभारी.

दोन वर्षांपूर्वी नेत्रा आली. पुण्याच्या एका संस्थेत शिकणारी, खाडीकाठच्या कोल्ह्यांचा अभ्यास करणारी पोरगी. कोणत्या कोल्ह्याचं कोणाशी काय नातं, हे तिला त्यांना हात न लावता शोधायचं होतं. विष्ठेसोबत आतड्याच्या कातडीचे बारीक कण येतात, त्यात जनावराची सगळी ओळख असते, असं ती म्हणाली. अनंताने तिला बीळ दाखवलं आणि म्हणाला, "नातं कशाला शोधायचं? मी सांगतंय ना. ती आई, तो बाप, ही तीन पोरं."

नेत्रा हसली. "काका, तुम्ही सांगताय ते मी लिहून ठेवते. पण ते खरंय का, हे मला त्यांच्याकडूनच ऐकायचंय."

तिने त्याला पाकिटं दिली. नव्या चपलांच्या खोक्यात असतात तसले दाणे भरलेल्या बरण्या दिल्या आणि नियम सांगितले. जनावर विष्ठेला बसताना डोळ्याने बघायचं, मगच नाव लिहायचं. हात लावायचा नाही. पाकीट बरणीत टाकायचं, बरणी सावलीत ठेवायची. दाणे निळे आहेत तोवर कोरडं, गुलाबी झाले की ओल आली समजायची. अनंताने सगळं पाठ केलं. उन्हाळ्यात लंगडीची आणि तिन्ही पिल्लांची पाकिटं बिळाजवळच मिळाली, नेत्रा ती घेऊन गेली. कारभारी मात्र बिळाजवळ कधी बसत नसे. त्याची चार पाकिटं जमायला भाद्रपद उजाडला.

इथेच ती गोष्ट झाली. पावसाळी हवेने बरणीतले दाणे गुलाबी झाले. नेत्रा परीक्षेत अडकलेली, फोन बंद. अनंता दोन दिवस बरणीकडे बघत बसला. खाडीकाठचा माणूस तो. सर्दावलेल्या वस्तूचं काय करायचं, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. जवळा सर्दावला, मसाला सर्दावला, गोधडी सर्दावली, की कडक ऊन बघायचं आणि पत्र्यावर पसरायचं. त्याने चारही पाकिटं उघडली आणि पत्र्यावर मांडली. तीन दिवस खडखडीत ऊन दिलं. वर दगड ठेवले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून.

तिसऱ्या दिवशी हौसा जवळा वाळत घालायला शिडीवर चढली आणि तिथूनच ओरडली, "आरं दादा! माझ्या जवळ्याच्या जागेवर ह्यो कोल्ह्याचा गू कोणी मांडला?"

"हात नको लावू! सरकारी काम हाय."

"सरकार येईल कं जवळा खायला? आधी उचल त्यो!"

त्याने उचलला. चांगला खुळखुळीत वाळला होता. दाणे चुलीवर गरम करून पुन्हा निळे केले, पाकिटं बंद केली आणि नेत्रा आली तेव्हा ताठ मानेने तिच्या हातात दिली.

आश्विनात मनालीचं लग्न ठरलं. मुलगा अंबाडी गावचा, हरेश नावाचा, गुणी. सुपारी फुटली त्या दिवशी मनालीचा चुलता केसरीनाथ येऊन बसला होता. मोठा जमीनदार माणूस, गळ्यात जाड साखळी, बोलणं मात्र हळू. पाहुणे गेल्यावर त्याने विषय काढला. "माघातला मुहूर्त हाय. कन्यादानाला मी आन तुझी काकी बसू, कं?"

मनाली चहाचे कप उचलत होती. ती म्हणाली, "मामा बसेल."

केसरीनाथ म्हणाला, "पोरी, तुझ्या मनात हाय ते मना कळतं. पण मामाचा मान मागं उभं राहायचा. बापाचा मान पुढं बसायचा. दोन मान एका माणसाला कसं देणार? आन अनंता एकटा. जोडीशिवाय कन्यादान कसं व्हायचं? तू आमच्या कुळातली."

"मना ज्यानं वाढवलं त्यो बसेल," मनाली म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

केसरीनाथने अनंताकडे पाहिलं. "तू सांग. तू बोलशील तसं."

बसावं असं अनंताला फार वाटत होतं, इतकं वाटत होतं की त्याचीच त्याला लाज वाटली. आपण बाप का? नाही. मग मामा का? आहोत, पण मामा वर्षातून दोनदा येतो, खाऊ आणतो, जातो. आपण तर कुठेच गेलो नाही. तो म्हणाला, "विचार करून सांगतंय."

तो विचार बांधावर चालत राहिला. आठवडा गेला, महिना गेला. सकाळी त्याला कारभारी दिसायचा, पाठ करून उभा, आणि अनंता मनात म्हणायचा, तुझं बरं हाय बाबा, तुला कोणी विचारत न्हाय.

कार्तिकात नेत्रा आली ती धावतच. गोदामाच्या फाटकाशी स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काका, तुमचा कारभारी बाप नाहीये."

अनंता हसला. "काय बोलतंस?"

"खरंच. थांबा, सांगते. तुम्ही लूमवर होतात ना? असं समजा, प्रत्येक जनावर म्हणजे विणलेलं कापड. उभा धागा आईचा, आडवा धागा बापाचा. आम्ही कापडावरच्या बारा जागा बघितल्या. प्रत्येक जागी पिल्लाचा एक धागा लंगडीशी जुळतो, म्हणजे ती आई, पक्की. उरलेला धागा बापाचा असायला हवा. तो कारभाऱ्याकडे असला पाहिजे. चार जागी नाहीये. पण गंमत म्हणजे त्याचे बरेचसे धागे लंगडीशीच जुळतात. बहुतेक तो तिचा सख्खा भाऊ आहे."

"भाऊ?"

"हो. म्हणजे पिल्लांचा मामा."

बाहेर रस्त्यावर कंटेनर वळत होता. त्याचा आवाज संपायची अनंताने वाट बघितली. मग म्हणाला, "मंग बाप कुठं हाय?"

"माहीत नाही. असेल कोणीतरी. आला आणि गेला."

त्या दिवशी अनंता जेवला नाही. चार वर्षं डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं? पण कापड खोटं बोलत नाही, हे त्याने पंधरा वर्षं बघितलं होतं. हळूहळू त्याला त्यात एक सांगावा दिसायला लागला. हा मामा आहे. खेकडे आणतो, ओकून भरवतो, लंगडीला एकटं टाकत नाही, आणि उभा कुठे राहतो? मागे. पुढे कधी बसला नाही. जनावराला जे उमजलं ते आपल्याला उमजू नये? नेत्राने म्हटलेलं "बहुतेक" त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो केसरीनाथच्या ओटीवर गेला. "तुम्हीच बसा. मी मामा हाय, मागं उभा राहीन."

केसरीनाथने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "मनालीला इचारलं?"

"सांगतंय तिला."

त्याने तिला सांगितलं नाही. पौषात पत्रिका छापून आल्या तेव्हा तिने वाचल्या. कन्यादान, श्री. व सौ. केसरीनाथ. आणि खाली मामाकडून निमंत्रण. तिने गठ्ठा कपाटात ठेवला आणि त्याच्याशी बोलणं बंद केलं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती डबा भरून द्यायची, टोपी हातात द्यायची आणि बोलायची नाही.

हौसा म्हणाली, "दादा, तुना कोणी सांगितलं व्हतं शहाणपण करायला?"

अनंताला कोल्ह्याचं नाव सांगता येईना.

अशात नेत्रा पुन्हा आली. या वेळी ती धावत नव्हती. तिने वही उघडली, मिटली. "काका, कारभाऱ्याची पाकिटं कशी ठेवली होती तुम्ही?"

"झकास. जराशी सर्दावली व्हती, तर तीन दिवस पत्र्यावर चांगली वाळवली."

"उन्हात?"

"मंग वाळवणार कशात?"

नेत्राने डोळ्यांवर हात धरला. रागावली असं त्याला वाटलं, पण ती हसत होती की रडत होती हे कळेना. "काका, उन्हाने धागे तुटतात. एकाच पाकिटातून मी तीनदा नमुना काढला, तीनदा वेगळं उत्तर आलं. दोन धागे असतात तिथे एकच दिसतो. दुसरा असतो, पण विटून गेलेला. चूक माझी आहे. पुन्हा तपासायच्या आधीच मी तुम्हाला सांगायला पळत आले."

अनंता उठून उभा राहिला. "म्हणजे त्यो मामा न्हाय?"

"माहीत नाही. मला कारभाऱ्याचं ताजं पाकीट हवंय. या वेळी सावलीत."

मग तो जो चालला, त्याचं काय सांगावं! सहा दिवस पहाट फुटता फुटता बांधावर. पौषातली थंडी, खाडीवर धुक्याची चादर, तिवरांत बगळे अजून पंखांत मान घालून बसलेले. कारभारी यायचा, त्याला बघायचा आणि दुसरीकडे जायचा. सातव्या दिवशी तो बांधाच्या ऐन मधोमध बसला, सावकाश, अनंताच्या देखत, आणि उठून निघून गेला. अनंताने पाकीट भरलं, बरणीत टाकलं. बरणी सदऱ्याआड धरून नेली, वाटेत कोवळं ऊन लागू नये म्हणून. घरी कपाटात ठेवली, पत्रिकांच्या गठ्ठ्यामागे. तिथे सगळ्यात जास्त अंधार होता.

लग्नाला नऊ दिवस राहिले असताना नेत्राचा फोन आला. अनंता फाटकावर होता. तिने पहिल्यांदा सांगितलं, मग पुन्हा सांगितलं, कारण तो "आं?" म्हणाला.

"बाप आहे, काका. बाराच्या बारा जागा जुळल्या. तिन्ही पिल्लांचा. लंगडीशी त्याचं काही रक्ताचं नातं नाही. तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेच बरोबर."

फोन ठेवून अनंता बांधावर गेला. ड्युटी सोडून. भर दुपारी कोल्हा दिसणार नाही हे माहीत असून गेला. कार्तिकापासून आजवर जो उभा होता तो मामा होता. त्याच्याकडे बघून आपण पोरीचा शब्द मोडला. आज तो बाप आहे. पण तो तर तसाच उभा होता, त्याच जागी, त्याच मानेने. मग मधले तीन महिने आपण कोणाकडे बघत होतो? त्याने काठीने चिखलात एक रेघ उभी ओढली, एक आडवी ओढली. काही कळलं नाही. भरतीचं पाणी आलं आणि दोन्ही रेघा घेऊन गेलं.

घरी येऊन त्याने मनालीला सगळं सांगितलं. पाकिटं, पत्रा, बारा जागा, सगळं. ती ओट्याशी कांदा चिरत होती. सुरी थांबली.

"म्हंजे तू कोल्ह्याला बघून माझं लगीन ठरवलंस?"

"तसं न्हाय गं..."

"तसंच हाय! मी बोलले तुला बस, तर तुला पटलं न्हाय. कोल्हा मागं उभा राह्यला, तर लगेच पटलं. आन आता कोल्हा बाप निघाला तर इचारायला आलास? उद्या तिनं फोन केला, पुन्हा चुकलं बोलली, तर मांडवातून उठशील?"

हौसा आतून म्हणाली, "उठंल. ह्याचा काय भरवसा न्हाय."

मनालीला हसू आलं. तीन आठवड्यांनी आलेलं हसू, तेही कांद्याच्या पाण्यात. ती म्हणाली, "मामा, कोल्ह्याचं राहू दे. तुना बसायचंय कं न्हाय?"

अनंताने टोपी काढली. घरात तो टोपी काढून कधी बोलत नसे. "बसायचंय," तो म्हणाला. "पहिल्यापासून बसायचंय."

केसरीनाथकडे तिघंही गेली. अनंता पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला, धागे, ऊन, जवळा. केसरीनाथने हात वर करून थांबवलं. "मना यातलं काय एक कळत न्हाय. तू आला व्हतास तवाच मी बोलणार व्हतो, की तू तोंडानं नको म्हणतंस, पण चेहऱ्यावर तसं न्हाय दिसत. पण तू घाईत." तो साखळीशी चाळा करत राहिला. "माझा भाऊ खाडीत गेला तवा मीबी तिथंच व्हतो. कावळा कोणाच्या शब्दावर उतरला ते मी बघितलं. मीच इसरलो. तू बस. पण मंग मामाचं काय? मागची जागा रिकामी न्हाय ठेवायची."

शेवटी तोच म्हणाला, "मी राहतो उभा. होतो एक दिवस मामा."

"काका, तुम्ही?" मनाली म्हणाली.

"कं? मना उभं राहता येत न्हाय?"

माघात मांडव उभा राहिला. मुहूर्ताला केसरीनाथ जाड साखळी घालून, हातात नारळ घेऊन नवरीमागे उभा राहिला तेव्हा अंबाडीच्या पाहुण्यांत कुजबुज झाली, की पत्रिकेत तर हे चुलते छापलेत, हे मामा कधी झाले? मग कन्यादानाला अनंता पाटावर बसला आणि भटजी अडले. "जोडीदार?"

"न्हाय," अनंता म्हणाला.

"वारली?"

"नव्हतीच."

भटजींनी पोथीकडे पाहिलं, यजमानांकडे पाहिलं. बायको हयात नसेल तर तिच्या नावाची सुपारी कमरेला खोचायची, हे त्यांना ठाऊक होतं. जी कधी नव्हतीच तिच्या नावाची सुपारी कशी खोचायची, हे पोथीत नव्हतं. मागून केसरीनाथचा आवाज आला, "भटजी, खोचा सुपारी. मुहूर्त सरतंय."

सुपारी खोचली गेली. मनालीची ओंजळ अनंताच्या हातात आली. हौसाने झारीतून पाणी सोडलं. विधवा बाईने सोडावं की नाही, हे विचारायला तोवर कोणाचं डोकंच ठिकाणावर राहिलं नव्हतं. पाणी तिच्या हातून त्याच्या हातावर, त्याच्या हातावरून मनालीच्या आणि पुढे हरेशच्या ओंजळीत उतरलं. अनंता ते बघत राहिला. भटजी म्हणाले, "सोडा आता हात." ते त्याला दोनदा सांगावं लागलं.

जेवणावळीत नेत्रा त्याच्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "काका, छान झालं. मग आज तुम्ही कोण? वडील का मामा?"

अनंताने पानातला भात कालवला. कमरेची सुपारी त्याला टोचत होती. ती काढायची कधी, हे त्याने कोणाला विचारलंच नव्हतं.

"तपासून सांग," तो म्हणाला. "पण उन्हात ठेवू नको."